पाच नंबरचं बारसं

बना लेंग्वेने त्या मैदानावरून एकोणीस वर्षांत किती शेळ्या हाकलल्या, देव जाणे. शेळ्यांचं एक वेळ ठीक, मुकं जनावर. पण माणसंही काही कमी नव्हती. पाऊस तोंडावर आला की शेजारची बना कांग्वा खांद्यावर कुदळ टाकून फाटकाशी उभी राहायचीच.

"अगं, एवढी जमीन नुसती पडलीय. दोन सऱ्या मका लावू दे की. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"बापाचं नाही, नवऱ्याचं जातं. टीम परत आली तर काय मक्यात खेळेल? चल, नीघ."

"आली तर! बाई गं, खाण गेली, पगार गेले, पोरं गेली, आणि टीम तेवढी परत येणार?"

"येईल."

बना कांग्वा हसत निघून जायची आणि ही पुन्हा वाकून गवत कापायला लागायची. हातात ते लांब वाकडं पातं. नवऱ्याचं होतं. मूठ त्याच्या हाताने झिजलेली, आता हिच्या.

बना लेंग्वे म्हणजे लेंग्वेची आई. लेंग्वे बारा वर्षं सोलवेझीच्या खाणीत आहे आणि आईकडे फिरकत नाही, तरी तिला हाक त्याच्याच नावाने. तिचा नवरा सुंकुतु खाणीच्या नोकरीत मैदान राखायचा. आमच्या कापेंदा गावाची फुटबॉल टीम देशाच्या पहिल्या फळीत खेळायची तेव्हाची गोष्ट. टीमचं नाव 'पाच नंबर'. खाणीच्या पाच नंबरच्या शाफ्टात, त्या खोल उभ्या विवरात, उतरणाऱ्या माणसांनी ती काढली होती आणि गावात असं घर नव्हतं ज्यातलं कुणी त्या शाफ्टात उतरलं नव्हतं. गोल झाला की आठ हजार पंजे वर जायचे, पाची बोटं ताणून. सुंकुतु मात्र तेव्हाही गवताकडे बघत असायचा. कुठे उखडलं, कुठे बुटाने चिखल केला.

मग खाण विकली गेली. नव्या मालकाने एकाच आठवड्यात शाफ्टही बंद केला आणि टीमही. सुंकुतुने काय करावं? तो दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा मैदानावर गेला. सहा वर्षं फुकट गवत कापलं त्याने. बायको रोज कपाळावर हात मारून घ्यायची. मरताना मात्र त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "गवत वाढू देऊ नकोस. टीम आली आणि तिला जागाच ओळखू आली नाही, तर?" तिने पातं उचललं.

तो गेल्यावर रीतीप्रमाणे त्याचं नाव चालवायला त्याच्या बहिणीचा मुलगा कासामाहून आला. चटईवर बसला, मनगटाला पांढरा मणी बांधून घेतला आणि सुंकुतु झाला. थोरांनी गुडघ्यावर बसून टाळ्या वाजवल्या, पोरांनी त्याला बाबा म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याने मेलेल्याची सायकल घेतली, रेडिओ मागे बांधला आणि कासामाची वाट धरली. नाव चालू राहिलं. छप्पर गळत होतं ते गळतंच राहिलं. बना लेंग्वेने कुणाकडे तक्रार केली नाही, पण ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

आणि या वर्षी पाऊस सरता सरता, कधी नव्हे ते, बातमी आली. खाणीचे मातीचे ढिगारे ज्या नव्या कंपनीने घेतले, तिचा साहेब बाजारात भोंगा लावून बोलला. मुलोवा त्याचं नाव. तरुण, गोड बोलणारा, टोकदार बुटांचा. कापेंदाची व्यावसायिक टीम परत येतेय, आणि नाव कापेंदाच्या लोकांनीच ठरवायचं! बाजारात पेटी ठेवू, दहा दिवस, मोठ्या माणसाला एक चिठ्ठी.

गाव नुसतं पिसाळलं. कपासा न्हाव्याच्या ओसरीवर तर सभाच भरली. कपासाचं म्हणणं, जुनं नाव पनवती. "सोनेरी गरुड! काय भारदस्त वाटतं बघा. पाच नंबर म्हणजे काय, चपलेचं माप?"

ओसरीवर हशा पिकला. बना लेंग्वे रताळ्यांची पाटी खाली ठेवून पुढे झाली.

"कपासा, गरुडाला पंख असतात ना रे?"

"असतात की, आजी."

"मग उद्या तो उडून दुसऱ्या गावाला बसला, तर तू त्याचं शेपूट धरणार आहेस? गरुड काय, सिंह काय, कुठल्याही गावाला चालतील. पाच नंबर कुठे जाईल? शाफ्ट कुणाला ट्रकात घालून नेता येतो का? नाव इथलं असलं की टीम इथेच बांधली गेली."

कपासाचा वस्तरा हवेतच राहिला. "म्हातारी वकील व्हायची चुकली," तो म्हणाला, पण चिठ्ठी त्याने पाच नंबरचीच टाकली.

दहा दिवस ती दारोदार फिरली. पाय सुजले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या, पेटीशेजारच्या भिंतीवर कंपनीची छापील नोटीस चिकटवली होती, तिच्यावर कागद टेकवून. बना कांग्वासुद्धा आली. "घे, लिही बाई तुझं पाच नंबर. निदान तुझं तोंड तरी बंद होईल."

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा चार हजारांत तीन हजारांहून जास्त पाच नंबरच्या निघाल्या. बायांनी आरोळ्या ठोकल्या, कपासा बादली बडवत नाचला, आणि बना लेंग्वे तिथेच धुळीत बसून मोठ्याने रडली. "अहो ऐकलंत का," ती म्हणत होती, "आली हो, आली." कुणाला म्हणत होती ते सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याची दोरी काढली. खुंट्या ठोकून, दोरी ताणून, तिने एकटीने चुन्याच्या ओळी मारल्या. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मुलोवासाहेब फोटोवाल्याला घेऊन आले. तिला गोलच्या खांबाशी उभं केलं, पंजा वर करायला सांगितला. तिने केला. मग तिने पदरचे भाजलेले शेंगदाणे पुढे केले आणि विचारलं, "साहेब, पहिली मॅच कधी? गोलसमोर जमीन जरा कडक झालीय, पाणी मारून ठेवते."

साहेब शेंगदाणे खाता खाता थांबले. "मॅच? आजी, मॅच राजधानीत, लुसाकाला. टीम तिथेच राहणार. इथे स्टेडियम कुठाय, दिवे कुठायत? नियमात बसत नाही हे."

"पण नाव..."

"नाव तुमचंच! तेच तर. नोटिशीत सगळं लिहिलं होतं की. पेटीशेजारी लावली होती, खालच्या ओळीत बघा."

साहेबांची गाडी गेल्यावर ती बाजारात गेली. पेटी उचलली होती, नोटीस अजून होती. शेवटची ओळ बारीक अक्षरांत: सामने लुसाका येथे होतील. त्या ओळीवर तिच्याच पेन्सिलचे वळ उमटले होते. शंभर दीडशे वेळा तिने त्या कागदावर हात टेकला होता! आणि एकटी तीच का, आम्ही सगळेच. नावाच्या नादात एकानेही खालची ओळ वाचली नाही. आता कुणाला शिव्या द्यायच्या?

"बारसं आपल्याकडे, पाळणा लुसाकात," कपासा म्हणाला.

पहिली मॅच कपासाच्या टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. विसाव्या मिनिटाला पाच नंबरचा गोल झाला आणि लुसाकाचं अख्खं मैदान पंजे वर करून ओरडलं, "पाच! पाच!" ओसरीवरचे चारदोन हात उठले, अर्ध्यातच खाली आले. पडद्यावरच्या त्या पोरापोरींनी शाफ्ट कधी पाहिला नव्हता. एकीने तर पाची बोटांना पाच रंग लावले होते.

"चांगलं खेळतात पण," कुणीतरी म्हणालं.

बना लेंग्वे उठली. "कासामाचा भाचा," ती पुटपुटली आणि मध्यांतराआधीच घरी गेली.

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. गवत घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. चुन्याच्या ओळी त्यात बुडाल्या. शेळ्या आल्या, त्यांना कुणी हाकललं नाही, तेव्हा कुठे बना कांग्वा घाबरली. म्हातारीचं काही बरंवाईट तर झालं नाही ना, म्हणून बघायला गेली, तर ही दारात बसून दोरीच्या गाठी सोडवत होती.

"तुझी कुदळ घेऊन ये," बना लेंग्वे म्हणाली. "आणि ज्यांना ज्यांना जमीन हवीय त्यांना सांग. पाऊस आठवड्यावर आलाय."

फाटक तिनेच उघडलं. ज्या दोरीने ओळी मारल्या, तीच ताणून तिने वाफे आखून दिले; सत्तावीस घरं, सगळ्यांना सारखे. बाया कुदळी टेकून नुसत्या उभ्या राहिल्या.

शेवटी बना कांग्वालाच राहवलं नाही. वर्षानुवर्षं हीच जमीन मागणारी बाई, तीच आता आडवी आली. "अगं, थांब जरा. एक वर्ष बघू. समजा, आलेच परत, तर?"

"कशाला येतील?" बना लेंग्वे म्हणाली. "त्यांना हवं होतं ते नाव. ते आपण देऊन बसलो."

तिने बना कांग्वाच्या हातातून कुदळ घेतली, गोलच्या दोन खांबांमध्ये गेली आणि पहिला घाव घातला. तिथली जमीन खरंच कडक होती. माती निघायला बराच वेळ लागला.