दारातलं पिंप

नातीला दुसऱ्यांदा टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वैतागल्या. "गोळ्या मी देईन हो आजी, पण हिला तिसरा झेपायचा नाही. रोग होऊच नये म्हणून बघणारे डॉक्टर आरोग्य खात्यात असतात, त्यांना गाठा."

असा डॉक्टर बसतो कुठे, हे कुणाला ठाऊक असेल तर शपथ! दोन दिवस मी या खिडकीवरून त्या खिडकीवर हेलपाटे घातले. औषधांचा दुकानदार हसला, "रोगच नको म्हणणारा डॉक्टर? मग आम्ही काय माश्या मारायच्या?" अंगात त्राण नव्हतं, नाहीतर त्याला चांगलं सुनावलं असतं.

शेवटी सरकारी कचेरीत जिन्याखालच्या खोलीत त्यांचं टेबल सापडलं. बघते तर काय, आमचा पिंपवाला! खांद्याला झोळी अडकवून सहा वर्षं घरोघर फिरणारा. पिंपातल्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकायचे, क्लोरीनमुळे पाणी पिवळं झालं की वहीत 'ठीक' लिहायचं. हाताखाली माणसंच मिळाली नाहीत म्हणून डॉक्टर स्वतः हिंडत होते, आणि मी त्यांना कधी 'बसा' म्हटलं नव्हतं.

"तुमच्या गल्लीचं पाणी दर वेळी चांगलं निघतं," डोळे चोळत ते म्हणाले. "तरी आजारी पडतात तुमचेच लोक. मी थकलो, आजी. माझं डोकं चालत नाही आता."

मला दारातलं पिंप आठवलं. आमच्याकडे प्रत्येक दारात एक पिंप असतं, ते पिंपवाल्याला दाखवायचं. खात्याने दिलेलं क्लोरीनचं औषध आम्ही टाकतो ते फक्त त्यात. प्यायचं पाणी आतल्या पिंपात, बिनऔषधाचं, कारण त्या वासाने चहा बिघडतो. आपण कुणाला फसवतोय असं कधी मनातही आलं नाही. पाहुण्याला आवरलेली खोली दाखवतो, तसंच ते.

मी त्यांना घरी आणलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. थेंब पडले. पाणी पिवळं झालंच नाही.

ते उंबऱ्यावरच बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "सहा वर्षं," एवढंच म्हणाले, आणि वहीतलं माझ्या घरापुढचं 'ठीक' खोडलं. नात खाटेवरून बघत होती.

मग चौकटीला धरून उठले आणि शेजारी गेले. मी मागोमाग. शेजारणीने हसत हसत दारातल्या पिंपाचं झाकण काढलं.

"ते नको गं," मी म्हटलं. "आतलं दाखव. मी दारातलंच दाखवत राहिले, म्हणून माझी पोर खाटेवर पडलीय."