अक्काच्या सात बकऱ्या

धुळ्याच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायचो, एवढ्याच भांडवलावर गावाने मला दुभाषा करून टाकलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या बोडक्या टेकडीवर चर खणायला, झाडं लावायला आणि नाल्यावर बांध घालायला परदेशातली एक विकास बँक पैसा देणार होती. पृथ्वी तापत चालली आहे, असं त्यांच्या कागदात होतं. वैशाखातल्या खानदेशाला ही काही ताजी बातमी नव्हती.

बँकेची एक अट मात्र कडक होती, चराईबंदी. टेकडीवर कुणाचंही जनावर सुटलं की काम बंद. मी अट वाचून दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं गुरं गोठ्यात बांधून, शेतातला चारा घालून भागणार होतं. अडचण एकट्या अक्काची होती. अक्का म्हणजे आमच्या शेजारची विधवा बाई. तिला शेत नव्हतं. होत्या त्या सात बकऱ्या, त्याच टेकडीवर चरणाऱ्या. लहानपणी माझ्या आईचं दुखणं लांबलं, तेव्हा अक्काच्याच बकरीच्या दुधावर मी वाढलो. म्हणून तर तिची समजूत घालायला पंचांनी मलाच पुढे केलं.

"गावले पानी भेटी, अक्का," मी म्हणालो.

पुढच्या बाजाराला तिने सातही बकऱ्या विकल्या आणि लोकांच्या कापसात निंदायला जाऊ लागली.

दोन पावसाळ्यांत विहिरींचं पाणी वाढलं. मग बँकेच्या एक बाई पाहणीला आल्या. खालच्या नाल्याचं काम त्यांच्या होकारावर अडलं होतं. एवढ्या घोळक्यातून त्यांनी नेमकं मागे उभ्या अक्काला विचारलं, या कामाने तुमचं काय झालं?

"पानी उनं, बठ्ठास्नं चांगलं व्हयनं," अक्का म्हणाली. "पन मन्या बकऱ्या गयात. माले ना वावर, ना हिर. मी ते पानी कोठे लावू? मन्हं बी काही देखा म्हना."

सरपंच माझ्याकडे टक लावून बघत होते. मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, पाणी आलं, सगळ्यांचं चांगलं झालं." बाईंनी हरखून अक्काचे दोन्ही हात हातात घेतले. कुणीतरी फोटो काढला.

नाल्याचं काम मंजूर झालं. काही महिन्यांनी बँकेचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला, त्यात तो फोटो होता. मी तो अहवाल घेऊन अक्काकडे गेलो. खोटं कशाला बोलू, थोडी शाबासकीची आशाही होती.

फोटोवरून बोटं फिरवत तिने विचारलं, "मन्हं काय लिखेल शे?"

खाली छापलं होतं, गावातल्या भूमिहीन बायकाही समाधानी आहेत. मला ते वाचवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुन्या बकऱ्यास्नं काहीच नही, अक्का. मी त्या बाईले सांगंच नही."

"माले तवयच समजनं," ती म्हणाली. "मी इतलं बोलनू, अन् तू दोनच शबद."

"मंग तवय का बरं चूप ऱ्हायनी?"

तिने अहवाल माझ्या हातात परत दिला.

"बठ्ठास्ना समोर तुले खोटं कसं पाडू, भाऊ?"