पांढऱ्यावर पांढरा टाका

सिरवार्त देर्देरियन कलेचा इतिहास शिकवतात. ज्यांच्यावर संहार ओढवला ती माणसं पुढे काय रंगवतात, काय विणतात आणि स्वतःला कुठली म्हणवतात, हा त्यांचा विषय. त्यावरची त्यांची पुस्तकं अमेरिकेतल्या वॉटरटाउनमधल्या आपल्या आर्मेनियन लोकांनी झाडून सगळ्यांनी विकत घेतली आहेत. वाचली एकीनेच, त्यांच्या आई वेर्जिन यांनी.

वेर्जिन सत्त्याऐंशीच्या. मराशच्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्ष. तुर्कस्तानातलं हे मराश त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांची आई एल्मास्त संहाराच्या वेळी तिथून लहानपणीच हाकलली गेली, अनाथाश्रमात वाढली आणि "आपण मराशचे" एवढंच सांगून वारली. मागे स्वतः भरलेला एक टेबलक्लॉथ ठेवला.

चर्चच्या सभागृहात जुन्या भरतकामाचं प्रदर्शन ठरलं. वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम अर्थातच सिरवार्त यांच्याकडे आलं. त्यांनी टेबलक्लॉथ भिंगाखाली धरला. मराशचं भरतकाम रंगीत, गच्च गुंफलेलं असतं. हे पांढऱ्यावर पांढरं, धागे ओढून काढलेली जाळी.

"मायरिग," त्या आईला म्हणाल्या, "हा टाका शेजारच्या ऐंताबचा आहे."

"चष्मा पूस."

"पुसलाय. आश्रमातली शिक्षिका तिकडची असणार. मुली जे शिकवलं ते शिकल्या."

"मग लिही मराश."

"आजी मराशची असेल. काम मराशचं नाही."

"असेल?" वेर्जिन यांनी कॉफीचा रिकामा कप, भविष्य बघायला घालतात तसा, बशीत उपडा घातला. "तुझ्याच पुस्तकात आहे, माणूस विसरतो, कापड विसरत नाही. आता कापड म्हणतंय ऐंताब. मग मी कुठली गं? इतकी वर्षं कोणाच्या मंडळात बसले?"

सिरवार्त यांचं हे वाक्य इतरांनी सर्वाधिक उचललेलं आहे. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ते वाक्य चुकलंय."

"छापलंय!"

"छापून चुकलंय. कापडाला शिक्षिका आठवते. गाव आजीला आठवत होतं. गावापुरतं मी आजीचं ऐकते."

"लेखी?"

"लेखी."

चिठ्ठी अशी झाली: 'एल्मास्त, मराशची. टाका ऐंताबचा, अनाथाश्रमात शिकलेला.' पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते वाक्य नाही.

उद्घाटनाला ऐंताबच्या हायगानुशबाईंनी चिठ्ठी मोठ्यांदा वाचली आणि त्या वेर्जिन यांच्याकडे वळल्या. "आमच्या बायांनी शिकवलं होय! मग तुम्ही आमच्याच की."

"शिकवणी दिलीत, हायगानुश. जन्म नाही दिलात," वेर्जिन म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या बाईला ऐंताबचा टाका कसा ओळखायचा ते दाखवू लागल्या.