अंडी खाऊन फुगलेली बाई

माहं नाव बयनाबाई. आदिलाबादजवळच्या जैनथकडं आमचं गाव, तिथल्या शाळेत मी अन् सुनयना, दोघी पोरायचा सैपाक करत होतो. खोटं कायले सांगू, तिच्यावर पयला संशय मीच घेतला.

वर्षाभरात सुनयनाचं तोंड टम्म फुगलं. पोट सुटलं, मानेमागं मांसाचा गोळा आला. नवरा मंचेरियलले, खाणीत कंत्राटी कामावर. घरी ही अन् सासू, दोघी ज्वारीच्या भाकरीवर. मंग ही काऊन एवढी सुटून राह्यली? शाळेत आठवड्यातून तीनदा अंडी शिजतात. मी म्हटलं, घ्या, पोरायच्या तोंडचं इच्या पोटात चाललं.

मी पाळत ठेवली. तिची पिशवी चाचपली, तिच्या मागं मागं कोठीत गेली. काईच सापडलं नाई. उलटं वाटे, बाई लय पक्की हाय. हातपाय मात्र काटकुळे, भाताचं गंज उचलताना लटलट कापे. जरा कुठं टेकलं की निळा डाग. एकदा पदर सावरताना पोटावर जांभळे पट्टे दिसले. नवरा तर घरी नाई! मंग मले दुसरीच शंका आली, ते इथं बोलत नाई.

अंड्याचं मात्र मी आमचे हेडमास्तर नागसेन सरायच्या कानावर घातलं. सर भला माणूस, पण तोवर गावभर बभ्रा झाला होता. त्यायनं तिले घरी बसवलं. ती एवढंच म्हणे, का मी एक अंडंबी खाल्लं नाई. तिच्या जागेवर माही सून रुपा लागली.

महिन्याभरात सुनयना चक्कर येऊन पडली. आदिलाबादच्या दवाखान्यात पाह्यलं तर बीपी, शुगर दोन्ही चढलेलं. तिथंबी डॉक्टरनं संशयच घेतला, स्टिरॉइडच्या गोळ्या खाते काय म्हणून. ती नाई म्हणे, त्याले पटेना. शेवटी रक्त तपासलं, स्कॅन केला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी असते म्हणे. तिच्या वरच्या सालीत लिंबाएवढी गाठ निघाली. ती गाठ कॉर्टिसोल नावाचं हार्मोन नको तेवढं सोडत होती. त्यानं चरबी तोंडावर, पोटावर जमते, हातापायाचं मांस झडते, कातडी पातळ होऊन पट्टे पडतात. हैदराबादले ऑपरेशन झालं.

आठ महिन्यांत ती पयल्यासारखी बारीक झाली. गाव काय म्हणे? अंडी बंद झाली, पाहा कशी उतरली. आयकून मले माहीच लाज वाटली.

काल ती माह्या दारात आली. बस म्हटलं तर बसली नाई.

"बयनाबाई, तुमाले तरी पटलं काय?"

"पटलं वं," मी म्हटलं.

"मंग सरायले तसं सांगा. तुमी तक्रार मागं घेतली तर सर मले कामावर घेतो म्हणतात."

मी हो म्हटलं. आज माही सुट्टी होती, तरी शाळेत गेलीबी. सर ऑफिसात एकटेच बसले होते. वऱ्हांड्यात रुपा पोरायले वाढून राह्यली होती. मी सरायले नुसता जयभीम केला, रुपाच्या हातात घरची दुसरी चाबी देली अन् घरी परत आली.