ऑपरेशनची तारीख

"सिस्टर, हिला आत घ्या. फाडफाड इंग्लिश शिकलीय, ते काय लोणचं घालायला?" माझ्याकडे न बघताच मामा म्हणाले.

म्हणून आईच्या हाताला धरून मी आत गेले. सोलापूरच्या त्या दवाखान्यात दर गुरुवारी पाच डॉक्टर एका टेबलाभोवती बसायचे आणि कुणाचं ऑपरेशन करायचं, कुणाचं नाही, ते मिळून ठरवायचे. आईला वाटत होतं, आज तारीख मिळणार. हिरडीची गाठ एकदा काढली की भाकरी चावता येईल, एवढंच तिचं म्हणणं.

गाठ आहे, इतकंच तिला ठाऊक होतं. मामांनी डॉक्टरांना आधीच हात जोडले होते, "तिच्यापुढं कॅन्सर म्हणू नका, साहेब. हाय खाईल ती." आमच्याकडे आजार घरात सगळ्यांना सांगतात, आजाऱ्याला सोडून. डॉक्टरांनी ते मानलं, आणि तिच्यासमोरच इंग्रजीत बोलू लागले.

एकानं तिला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंही आत जाईनात. "मिश्री?" त्यांनी विचारलं. आईनं लाजून मान हलवली. हिरडीला जखम झाली तेव्हा ठणका थांबावा म्हणून ती तिच्यावरच मिश्री दाबून धरायची. त्यानं बधिर व्हायचं. मला ते दिसायचं. तंबाखूच्या दुष्परिणामांवर मी शाळेत बक्षीस मिळवलेला निबंध लिहिला होता, इंग्रजीत. घरी मात्र एक वाक्य बोलले नव्हते.

सर्जननी पडद्यावरच्या स्कॅनवर पेनाचं टोक ठेवलं. गाठ मानेपर्यंत पसरून तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती, सोडवता येण्यासारखी नव्हती. रेडिएशनचा शेक देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, शेक देऊ, पण त्यानं दुखणं कमी होईल, बाकी काही नाही. पाचांतलं कुणीतरी 'पण तरीही' म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिले. कुणी म्हणालं नाही. सगळे हळू, मऊ आवाजात बोलत होते. मग पुढची फाइल उघडली.

आईनं त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. ती सारा वेळ माझा चेहरा बघत होती.

बाहेर आल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. आत काय ठरलं ते मी त्यांना सांगितलं. "तिला सांग, अंगात रक्त कमी हाय, भरल्यावर करू म्हणले," ते म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी घेऊन खाली गेले.

मी बाकावर आईशेजारी बसले.

"कधी करत्यात गं?" तिनं विचारलं. तिचे शब्द आता नीट फुटत नव्हते.

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं.

"तोंड का पाडलंस? लांबची तारीख दिली व्हय? देऊ दे की. ज्वारीची काढणी तरी उरकंल."

मामांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"तारीख दिलीच नाही, आई," मी म्हणाले. "ऑपरेशन होणार नाही. त्यांना ती गाठ काढता येत नाही."