दीड मीटरची लाट
सोयाबीन मळताना उडणाऱ्या कुटाराचा वास आला की आजही डोकं तापतं. त्या दिवशी उमरखेडजवळ घरामागच्या वावरात थ्रेशर धडधडत होतं आणि मी घरात लॅपटॉपवर, दूर समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला जाणाऱ्या बोटी ठरवत होतो. लाट दीड मीटरच्या सुरक्षित मर्यादेवर जाणार होती, म्हणून मी बोट रोखली. “यवतमाळात बसून मला समुद्र शिकवतोस?” साहेब फोनवर खेकसला आणि त्यानं परस्पर माणसं पाठवली. संध्याकाळी ती सुखरूप परतली. “बघ, काय झालं?” म्हणत तो हसला. मी फोन आपटला आणि वावरातून आलेल्या बाबांना सगळं सांगितलं. थ्रेशरनं दोन बोटं नेलेला हात पुसत बाबा म्हणाले, “बोटं जायच्या आंधी माहा हातबी लय खेपा साबूत निंगालता.” साहेब अजूनही ती फेरी फुशारकीनं सांगतो, तेव्हा त्याला बाबांसमोर आणून उभं करावंसं वाटतं.