ओटीतली सुकडी

बहात्तरच्या दुष्काळात मी तीर्थपुरीजवळच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होते आणि मला सातवा लागला होता. दुपारी कामावरच्या प्रत्येक बाईला सरकारकडून ओंजळभर सुकडी, भाजल्या पिठाचा कोरडा गोड खाऊ, मिळायची. माझी मी पदरात बांधून घरी न्यायची आणि सासूबाईंपुढे ठेवायची. "कामावर दोनदा देतात, आत्याबाई. माझं खाऊन झालं." डोळ्यांनी अधू बाई, त्यांना ते खरं वाटायचं. गावात म्हणायचे, सून असावी तर अशी.

कसली डोंबलाची गुणी सून! मला घासच गिळवत नव्हता. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी पाहिली की तोंड फिरायचं. सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटायचं. बाळ हललं की आनंद सोडाच, चीड यायची. इथं काय ठेवलंय म्हणून येतोस? हे बोलायचं कुणापाशी? सगळ्याच उपाशी होत्या. त्यात माझं मन कोण विचारणार?

मग बाळ हलायचं थांबलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी कुणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हातोडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खडीवरच कोसळले.

बायकांनी आत्याबाईंना बोलावून आणलं. एकीने सांगून टाकलं, "ही कुठं खाती? रोज बांधून नेती."

आत्याबाई मटकन खाली बसल्या. "माझ्या नातवाच्या तोंडचं मलाच चारून राह्यलीस, पोरी? अन् मी खात बसले!"

 मला घासच गिळवत नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी माझा पदर पसरला. विधवेने ओटी भरायची नसते, पण माझ्या वाटणीच्या सुकडीची पहिली मूठ त्यांनीच टाकली. मागोमाग प्रत्येक बाईने आपल्यातली मूठभर घातली. "ओटीतलं कुणाला द्यायचं न्हाई. मंग आता खा, माझ्यासमोर."

मी रडत खाल्लं. आत्याबाई माझ्या पोटावर हात ठेवून बसल्या. ऊन उतरलं, बाकीच्या बायका घराकडे निघाल्या, तरी त्यांनी हात काढला नाही. शेवटी त्यांच्या तळव्याखाली बाळ हललं आणि मी घाबरले, पुन्हा थांबलं तर? कित्येक महिन्यांनी मला त्याच्यासाठी काहीतरी वाटलं होतं.

सुनेने शेवटी जेवायचं, ही आमच्या घरची रीत. त्या दिवसापासून मरेपर्यंत आत्याबाई माझ्याआधी जेवल्या नाहीत.